डोक्यावर आंबील असताना कप्तान बोलत नसत

अन्याय झाला तो हरणखुरीच्या दत्तात्रय कप्तानांवर, आणि त्याच गावच्या मिलिंदवर. कधी? यंदाच्या येळवसेच्या सणाला सकाळी, तांबडं फुटल्यावर पण धुकं उठायच्या आधी. नदीच्या वाटेवर, स्वतःच्या शेताच्या बांधाशी कप्तानांना गोफणीचा दगड लागला आणि ते गेले. आणि ऊन पडायच्या आत मिलिंद खुनी ठरला.

काका, सुरुवात तुमच्या शिस्तीनं केली. संदेश धाडायचा तर आधी कुणाबद्दल, मग कधी, मग कुठं. रडगाणं सगळ्यात शेवटी. जहाजावरची ही शिस्त तुम्ही मला निलंग्याच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात शिकवलीत आणि माझ्या प्रत्येक पत्रकाला लावलीत. आता तुमच्यासाठी लिहिताना मी तीच लावतेय. फक्त शेवटी रडगाणं येणार नाही. मला रडू येत नाहीये, राग येतोय. त्यातला थोडा तुमच्यावरही आहे, आणि तो मी लपवणार नाही. मेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं ही रीत तुम्हालाही पटत नव्हती. सरपंचांच्या श्रद्धांजली सभेत मागं बसून तुम्ही माझ्या कानात म्हणाला होतात, "ह्यांनी ह्याच्या निम्मं जिवंतपणी म्हणलं असतं तर तो अजून पाच वर्षं जगला असता."

तुम्हाला माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही म्हणून सांगते. तुम्ही कप्तान नव्हतात. समुद्र जिथून दिवसभराच्या रेल्वेवर आहे अशा गावातून तुम्ही नौदलात गेलात, सिग्नलमन झालात, झेंड्यांनी आणि हातांच्या खुणांनी एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाशी बोलत राहिलात आणि पेन्शनीवर गावी येऊन हरभरा पेरू लागलात. गावानं तुम्हाला कप्तान केलं. तुम्ही सुरुवातीला दुरुस्त करायचात म्हणे. मग सोडून दिलंत.

मी आले तेव्हा वाळूचा उपसा जोरात होता. मांजरा नदीचं पात्र टिप्परांनी खरवडून काढलं होतं, विहिरी बसत चालल्या होत्या. मी उमरीची, लातूरला वकिली शिकणारी, हातात पत्रकांचा गठ्ठा. तुम्ही पहिलं पत्रक हातात घेतलंत, चष्मा कपाळावर सारलात आणि विचारलंत, "कुठली गं तू?"

"उमरीची."

"नांदेडकडची? मग आता सारखं 'हाव हाव' करणार."

"आणि तुम्ही 'व्हय व्हय'."

तुम्ही हसला नाहीत. पत्रक पूर्ण वाचलंत. "ह्याच्यात 'जाहीर निषेध' लई वेळा हाय. ट्रॅक्टर कुठल्या वाटंनं येतो, कुठल्या वाटंनं जातो, वाळू कुणाच्या दारात पडती, ते कुठं लिवलंय?"

"ते पुढच्या पत्रकात."

"मग हे कशाला छापलंस? शेगडी पेटवायला?"

इतकं लागलं होतं मला. हॉटेलवाल्यासमोर, दोन अनोळखी माणसांसमोर. पण पुढचं पत्रक मी तुम्हाला विचारून लिहिलं, त्याच्या पुढचंही. आज मला लिहिता येतं म्हणतात लोक. नीट सांगता येतं म्हणतात. ते तुमच्याकडून आलंय, काका. आभार मानायला तुम्ही जिवंत असताना माझी जीभ वळली नाही. मानले असते तर तुम्ही "कामून? मेलोय का मी?" असंच म्हणाला असता.

आता त्या पहाऱ्याबद्दल. ते टाळून चालणार नाही, कारण तुमचा जीव त्यातच गेला.

टिप्पर बंद पाडले तेव्हा वाळूवाल्यांनी गाढवं आणली. गाढवं पकडली तेव्हा माणसं आणली. उजाडता उजाडता, डोक्यावर पाटी, अंगावर घोंगडी, काठावरून वर रस्त्यापर्यंत. तेव्हा वाळूउपशाविरुद्धच्या आपल्या समितीनं पहारा लावायचं ठरवलं आणि पहारा तुमच्या हातात दिला. तुम्ही त्याचं जहाज केलंत. फोन न्यायचा नाही, कारण पडद्याचा उजेड लांबून दिसतो आणि आपल्यातलेच कुणी वाळूवाल्यांना खबर देतात. फोन बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डबा तुमच्या घरी, शांताकाकूंच्या देवळीत. रोज संध्याकाळी एक परवलीचा शब्द. पहिल्या आठवड्यात तुम्ही जहाजावरचे शब्द दिलेत आणि पोरांच्या तोंडात त्यांचं असं काही कडबोळं झालं की पहाऱ्यावरचे दोघं एकमेकांनाच चोर समजून बसले. मग तुम्ही भाज्यांवर आलात. आज भोपळा. आज घेवडा. मिलिंद एकदा म्हणाला होता, "कप्तान, वांगं आलं की सांगा, त्या दिवशी मी जेवूनच जातो."

आणि तुमचा तो हुकूम. तीनदा विचारायचं, "कोन हाय?" तीनदा उत्तर आलं नाही तर गोफण सोडायची.

यावरून आपण किती भांडलो! मी म्हटलं, शिट्टी वाजवा. फोटो काढा. दगड कशाला?

"फोटो काढून माणूस थांबतो व्हय?"

"मग दगड हवेत मारा."

"हवेतला दगड वाळूवाल्याला कळत न्हाई."

"आणि कुणाला लागला तर?"

"तीनदा विचारल्यावर जो बोलत न्हाई, तो आपला न्हाई." तुम्ही टेबलावर बोट आपटलंत. चहा सांडला. "आपला माणूस बोलणार. बोलायला काय लागतं?"

हे वाक्य मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. आपला माणूस बोलणार. बोलायला काय लागतं?

दुसरं भांडण अर्धंच राहिलं. मी विचारलं होतं, "काका, शाळेपाशी पहारा तुमच्या भावकीतल्या पोरांचा आणि नदीवर नेहमी आमच्या समाजाच्या वस्तीतल्यांचा, असं का? थंडी नदीवर जास्त असते. वाळूवाले पण तिथंच येतात."

तुमचा चेहरा उतरला. हे कुणी तोंडावर विचारेल असं वाटलं नव्हतं तुम्हाला. "मिलिंदची गोफण चांगली हाय म्हणून," म्हणालात.

"मिलिंदची चांगली आहे. बाकीच्यांची?"

"उद्या सांगतो."

ते उद्या आलं नाही. पण मिलिंदनं मला नंतर सांगितलं. त्या भांडणानंतर तुम्ही स्वतः नदीवरच्या पहाऱ्याला जाऊन बसायला लागलात. घरून चहाची किटली न्यायचात. कुणाला बोलला नाहीत, मलाही नाही. त्याच्याशेजारी घोंगडी पसरून बसायचात आणि त्याला हातांच्या खुणा शिकवायचा प्रयत्न करायचात. त्याला त्या काही जमल्या नाहीत. "मला म्हणले, 'तुझं ध्यान कुठं हाय?' मी म्हणलं, 'कप्तान, ध्यान नदीवर हाय, तुमीच तर ठिवायला सांगितलंय.'" मला उत्तर द्यायच्या ऐवजी तुम्ही जाऊन बसलात. चांगलं केलंत. पण उत्तरही द्यायला हवं होतं, काका. दोन्ही लागतं.

आता गेल्या वर्षीची येळवस. मी हे सगळं लिहितेय ते या एका सकाळसाठी.

ज्यांच्याकडे हा सण नाही त्यांना सांगते. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गाव ओस पडतं. सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, त्यांची पूजा, मग भज्जी, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, खीर आणि ताकातली आंबील. ज्याला शेत नाही त्यालाही कुणी ना कुणी हाक मारतं. मला तुम्ही मारलीत. आंबिलीचा बिंदगा, म्हणजे घागर, घरातल्या कर्त्या माणसानं डोक्यावर न्यायचा. तुमच्या घरची आणखी एक रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. बिंदगा डोक्यावर चढला की तो खोपीत टेकेपर्यंत नेणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही.

तुम्ही पुढं, अंगावर घोंगडी, डोक्यावर तांब्याचा बिंदगा, एक हात त्याला धरलेला. मागं काकू, तुमचे धाकटे भाऊ अण्णा, त्यांची मुलं-सुना, भावकीतली माणसं आणि मी. मी बोलतेय. घाटाच्या लिलावाचं विचारतेय, तहसीलच्या अर्जाचं विचारतेय. तुम्ही गप्प. मला वाटलं रागावलात. मी आवाज चढवला. "काका, माझ्याशी बोलायचं नसेल तर तसं सांगा!" मागून सगळी खिदळायला लागली. अण्णा म्हणाले, "ओरड, अजून ओरड. आमचा बाप तर साप चावला तवाबी बोलला न्हवता, आधी बिंदगा ठिवला मग बोंबलला."

तुम्ही खोपीत शिरलात, बिंदगा टेकवलात, पाच दगडांना हात जोडलात आणि वळून सुरू झालात. "लिलावाचं अजून कागदावर आलं न्हाई. अर्जाची पोच काकूच्या पिशवीत हाय. तिसरं तू जे म्हणलीस ते चूक हाय. आन चौथं, न्हाई, मी रागावलेलो न्हाई." माझे सगळे प्रश्न, वाटभर विचारलेले, एकेक करून, क्रमानं. सगळं शेत हसत होतं. अण्णा तर डोळे पुसत होते.

अण्णा, हे तुम्ही वाचत असाल तर आठवा. डोळे पुसत होतात तुम्ही.

यंदा लढाई संपली. वाळूघाट रद्द झाल्याचा हुकूम आला तो येळवसेच्या आदल्या दिवशी. निलंग्यात ताशा, गुलाल, पोरांचा नाच. तुम्ही सगळ्यांच्या पुढं, गुलालानं माखलेले, ओळखू येत नव्हतात. गावात परत आलो तेव्हा सांज झाली होती. समितीचे अध्यक्ष गाडीतून उतरता उतरता म्हणाले, "आता पहारा उठवा रे. कुणीतरी जाऊन मिलिंदला सांगा."

तुम्ही म्हणालात, "कुणीतरी म्हणजे कुणीच न्हाई. हुकूम मी दिलाय, माघारी मीच घेणार."

काकू म्हणाल्या, "मग आत्ताच जावा की."

"गुलालानं माखून पहाऱ्यावर जायचं न्हाई. उद्या आंघोळ करून सगळ्यांच्या आधी एकटाच निघतो, आंबील शेतात ठिवतो आन तसाच खाली जातो. शेत तिथंच तर हाय."

मी लातूरच्या एसटीत बसले. खिडकीतून तुम्हाला पाहिलं ते शेवटचं. तांबडंलाल डोकं आणि वर केलेला हात.

म्हणून राग आहे तुमच्यावर. तुम्हीच शिकवलं होतंत मला की समोरच्यानं 'पोचलं' म्हटल्याशिवाय संदेश पोचलेला नसतो. आणि लढाई संपल्याचा संदेश तुम्ही अंगावरच्या गुलालासाठी रात्रभर तुमच्याजवळ ठेवलात. फोन डब्यात ठेवून नदीवर बाभळीखाली बसलेल्या एका माणसाची लढाई चालूच राहिली. त्याच्याकडे आदल्या दिवशीचाच शब्द होता. हरभरा.

पुढचं मिलिंदनं जे सांगितलं तेच लिहिते. त्यानं ते पोलिसांना सांगितलं, मला जेलमध्ये भेटीच्या वेळी सांगितलं, दोन्हीकडे सारखंच.

"धुकं लई होतं, ताई. काठावरून काईच दिसंना. कप्तानाचाच हुकूम होता, धुकं असलं की पुढं बांधापर्यंत सरकायचं. म्हणून सरकलो. तितक्यात वाटंनं एक जण आला. डोक्यावर कायतरी, घोंगडीत गुंडाळल्यावानी. पाटी असंल वाटलं. मी विचारलं, कोन हाय? काई न्हाई. परत विचारलं. न्हाई. तिसऱ्यांदा विचारलं तर त्यानं एक हात वर केला. असा. मग आडवा केला. मला वाटलं दगड मारतो."

त्यानं मला हात करून दाखवला. वर, मग खांद्याच्या रेषेत आडवा.

काका, मी हे लिहावं की नाही यावर तीन कागद फाडले. मला पूर्ण खात्री नाही. पण त्या हॉटेलात दोन फडकी घेऊन तुम्ही मला खुणा दाखवल्या होत्यात, आणि 'काम संपलं, परत फिरा' ही खूण दोन्ही हातांनी होती. आधी वर, मग आडवे. बांधावर तुमचा एक हात बिंदग्याला होता. दुसऱ्यानं तुम्ही अर्धी खूण केलीत. तोंड उघडायचं नव्हतं, म्हणून तुम्हाला येत असलेल्या दुसऱ्या भाषेत तुम्ही बोललात. ती वाचणारं तिथं कुणी नव्हतं. ज्याला तुम्ही शिकवत होतात, त्याचं ध्यान नदीवर होतं, कारण तेच ठेवायला तुम्ही त्याला सांगितलं होतं.

दगड लागल्यावर बिंदगा घरंगळत आला त्याच्या पायाशी. आंबील वाटेवर सांडलेली. बिंदगा पाहिला तेव्हा त्याला कळलं. तो पळाला नाही. पळायला तिथून सीमेपलीकडचं कर्नाटक किती जवळ आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानं तुम्हाला खांद्यावर घेतलं आणि गावात आणलं, ओरडत. चावडीपाशी तुम्हाला खाली ठेवलं आणि तिथंच बसून राहिला. ज्यांनी त्याला मारहाण केली, त्यांनी बसलेल्या माणसाला केली.

तेव्हापासून तुमच्या मरणाच्या तीन कहाण्या फिरताहेत. तिन्ही तुम्हाला ऐकवते, कारण तुम्हाला अफवांची चीड होती.

पहिली अण्णांची फिर्याद. खून. मिलिंदनं ओळखून मारलं, त्याचा तुमच्यावर राग होता, नदीवर बसवता म्हणून. माझं ते भांडण, काका, माझ्या तोंडचं ते वाक्य, आता त्याच्या नावावर फिर्यादीत आहे.

दुसरी बाजारातली, दबक्या आवाजातली. कप्तान आतून खचले होते म्हणे. लढाई संपली, आता करायचं काय, म्हणून मुद्दाम गप्प राहिले. हे बोलणाऱ्यांनी तुम्हाला आदल्या दिवशी ताशावर नाचताना पाहिलंय. हरभऱ्याला पाणी कधी द्यायचं ते तुम्ही गाडीत सगळ्या रस्त्यानं सांगत होतात. मरायला निघालेला माणूस पाण्याची पाळी ठरवत नाही.

तिसरी आपल्या समितीची. ती जास्त झोंबते.

अध्यक्ष लातूरला माझ्या खोलीवर आले. चप्पल न काढता दारातच उभे. "एक पत्रक काढ बाई. मथळा मी सांगतो. वाळूमाफियांनी घेतला कप्तानांचा बळी."

"दगड मिलिंदच्या गोफणीचा होता. तो स्वतः सांगतोय."

"मला कळतं की! पण पहारा कुणामुळं लागला? वाळूवाल्यांमुळं. मग बळी कुणी घेतला? खोटं काय हाय त्यात?"

"मग तेवढंच लिहू. पहारा त्यांच्यामुळं लागला आणि पहारा उठल्याचं सांगायला आपल्यापैकी कुणीच गेलं नाही. मथळ्यात घालू?"

"समिती फुटंल. कप्तानानं उभी केलेली समिती."

"मिलिंदचं काय?"

"त्याचं बघू नंतर. कोर्टात होईल काय व्हायचं ते." मग जिन्यावरून, पाठमोरे, "तू तुझ्या लोकांचंच बघणार म्हणा. माहिती होतं आम्हाला."

हाव. बघणार. दोन वर्षं मी तुमच्या सगळ्यांच्या विहिरींचं बघितलं, तेव्हा माझे लोक कोण ते कुणी विचारलं नाही. गुलाल लागताना विचारलं नाही. आता एका माणसाचा जन्म जेलात जायची वेळ आली तेव्हा बरोबर आठवलं. काका, तुम्ही असता तर त्या जिन्यावर उभे राहून अध्यक्षांना काय म्हणाला असता? मला खरंच माहीत नाही. मी तुम्हाला देव करणार नाही. कदाचित तुम्हीही 'उद्या सांगतो' म्हणाला असता, आणि मग कुणाला न सांगता जेलच्या दारात जाऊन बसला असता किटली घेऊन.

मी काकूंकडे गेले. अण्णांच्या घरातून दोन बायका लगेच येऊन बसल्या, मी काय बोलते ते ऐकायला. काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी त्या दोघींकडे पाहिलंही नाही.

"मला एक सांगा काकू. बिंदगा डोक्यावर असताना काका कधी बोलले?"

"लगीन होऊन आले तवापासनं न्हाई." त्यांनी देठ मोडला. "सासरेबी न्हाई बोलायचे. सगळ्या गावाला म्हाईत हाय. पहिल्या वर्षी मी इचारलं, अवो वाटत काटं हायेत, हिकडून चला. बोललेच न्हाईत. काट्यातनं गेले, गप."

"हे ठाण्यात सांगाल?"

दोघींपैकी एक म्हणाली, "वहिनी, अण्णांना इचारा आधी."

काकू म्हणाल्या, "मेलेला नवरा माझा हाय का अण्णांचा?" मग माझ्याकडे वळून, खालच्या आवाजात, "पोरी, मी सांगंन. पण लोक म्हणतील बाईनं नवऱ्याला मारणाऱ्याला सोडवलं."

"म्हणतील."

"म्हणू दे मग." त्यांनी सूप बाजूला सारलं. "पोरगं त्यांना खांद्यावर घिऊन आलं. माझ्या दारातनं गेलं. त्याचा आवाज मी ऐकलाय. मारणारा माणूस असा ओरडत न्हाई."

काकूंनी सांगितलं. एकट्या गेल्या, सांगितलं. ठाण्यातले साहेब नीट बोलले म्हणे, बसायला खुर्ची दिली. पण म्हणाले, घरची रीत आहे हे एकट्या बाईच्या तोंडून कसं चालेल. गावातली चार माणसं येऊन हेच सांगू देत, तर खुनाचं कलम उतरायचा विचार होईल. चार माणसं. काकू दारोदार फिरल्या. ज्या बायकांबरोबर त्यांनी वर्षानुवर्षं शेतात उंडे थापले त्या म्हणाल्या, "आमच्या ध्यानात न्हाई बाई." ज्या पुरुषांनी मागून चालत तुमची थट्टा केली ते म्हणाले, "आम्ही मागं होतो, काय दिसलं न्हाई." साप चावल्याची गोष्ट सांगणारे अण्णा म्हणाले, "असली काही रीत आमच्यात न्हाई."

काका, तुमच्या बापाला नाकारलं हो त्यांनी. तुमच्या आज्याला नाकारलं. एका मिलिंदला आत ठेवण्यासाठी आपल्याच घराण्याची रीत पुसून टाकली. तुम्ही जीव गेला तरी मोडली नाहीत ती.

तुम्ही म्हणाला होतात, आपला माणूस बोलणार, बोलायला काय लागतं. तुमचं चुकलं. तुमच्या बाबतीतच चुकलं, आणि आता सगळ्या गावाच्या बाबतीत चुकतंय. मला तुमच्याशी हे भांडायचंय आणि समोर खुर्ची रिकामी आहे. हॉटेलवाला अजून मी गेले की दोन कप आणतो. मी दुसरा परत पाठवत नाही.

हे पत्रक मी नांदेडला छापून घेतलं. इकडच्या छापखान्यांत काम जास्त आहे म्हणे, वेळ नाही. असू दे. 'जाहीर निषेध' एकदाही घातलेला नाही, मोजून बघा. कोण, कधी, कुठं ते सगळं वर आलंय. राहिलं ते हे, आणि हे तुमच्यासाठी नाही, काका. आता थोडं बाजूला सरा. मला तुमच्या गावाशी बोलायचंय.

हरणखुरीकरांनो, हे पत्रक तुमच्या दारात पडलंय. तुम्ही कप्तानांच्या मागून चालला आहात. यंदा नसाल, मागच्या वर्षी असाल, त्याच्या मागच्या वर्षी असाल. तुम्ही त्यांना हाका मारून बघितल्या आहेत, मुद्दाम चिडवून बघितलं आहे, आणि ते गप्प चालत राहिले म्हणून हसला आहात. मिलिंदला ती रीत ठाऊक नव्हती, कारण त्या रांगेत त्याला कधी कुणी बोलावलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे. शांताकाकू सोमवारी, आठवडी बाजाराच्या दिवशी, पहिल्या एसटीनं पुन्हा ठाण्यात जाणार आहेत. बाजाराला तुम्ही जाणारच आहात. त्याच गाडीत बसा, त्यांच्या मागं उतरा आणि एक वाक्य सांगून या: डोक्यावर आंबील असताना कप्तान बोलत नसत. मिलिंद चांगला आहे, निर्दोष आहे, असलं काही सांगू नका. ते कोर्ट बघेल. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच सांगा.

कप्तान गप्प होते, कारण त्यांच्या डोक्यावर बिंदगा होता. तुमच्या डोक्यावर काय आहे?

बोला.